टेबलापाशी तुम्ही नसताना: घरी रचलेलं डीअँडडी अ‍ॅडव्हेंचर विकायला ठेवण्याआधी

मी विकायला ठेवलेलं पहिलं अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे टेबलावर खेळवायची लिहिलेली गोष्ट, आठ पानांचं होतं. आमच्या शनिवारच्या गटात ते तीनदा खेळवलं होतं आणि तिन्ही वेळा रंगलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पीडीएफ चढवल्यावर पाचव्या दिवशी एका अनोळखी डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचा, निरोप आला. किल्ल्यावरच्या टाक्यातून खालच्या भुयारात उतरायचं कसं, हे त्याला कुठेच सापडत नव्हतं. मी तावातावाने पान उघडलं, आणि खरंच तिथे काही नव्हतं. नकाशात वाट नव्हती, मजकुरातही नव्हती. ती माझ्या डोक्यात होती आणि दर शनिवारी मी ती तोंडी सांगत आलो होतो.

तेव्हापासून डन्जन्स अँड ड्रॅगन्ससाठी (डीअँडडी, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) घरी रचलेलं साहित्य, म्हणजे होमब्रू, विकू पाहणाऱ्या नवख्यांना मी दर्जाची एकच कसोटी सांगतो. तुम्हाला कधीही न भेटलेला डीएम, दिवसभर ऑफिस करून रात्री नऊला फाइल उघडून, तुम्हाला फोन न करता हे खेळवू शकेल का? जुनाट कागदाचा पोत, सोनेरी अक्षरं, ड्रॅगनचं चित्र हे सगळं त्यानंतर. बहुतेक जण उलट्या टोकाकडून, मुखपृष्ठापासून सुरुवात करतात. तुम्ही खालच्या क्रमाने जा.

१. कुठल्या वाटेने विकायचं ते आधी ठरवा

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. १९९७ पासून तो विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे आहे आणि १९९९ पासून विझार्ड्स हॅस्ब्रोच्या मालकीची आहे. चाहत्यांनी काय विकायचं हे त्यामुळे त्यांच्या परवान्यांवर ठरतं. वाटा तीन आहेत.

पहिली फुकट वाटायची. कंपनीच्या फॅन कंटेंट पॉलिसीखाली त्यांच्या जगातली पात्रं घेऊन काही करता येतं, पण त्याचे पैसे लावता येत नाहीत आणि हे अनधिकृत असल्याची ठरलेली सूचना छापावी लागते.

दुसरी सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंटची, म्हणजे एसआरडीची. खेळाच्या नियमांचा गाभा कंपनीने यात मोकळा करून ठेवला आहे. जानेवारी २०२३ मध्ये जुना ओपन गेम लायसन्स बदलायचा कंपनीचा बेत बाहेर फुटला, जगभरचे चाहते भडकले, आणि महिना संपायच्या आत एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्यावर आला. हा परवाना मागे घेता येत नाही. २०२४ च्या नव्या नियमांवरचा एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये त्याच परवान्यावर निघाला. यावर बेतलेलं साहित्य कुठेही, कितीलाही विका. दस्तऐवजात दिलेला श्रेयाचा मजकूर मात्र जसाच्या तसा छापायचा. मुखपृष्ठावर डीअँडडीचं बोधचिन्ह लावायचं नाही. 'फिफ्थ एडिशन कम्पॅटिबल' इतकं म्हणायला हरकत नाही. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअर या राक्षसांचे स्टॅट ब्लॉक (ताकद, हल्ले यांच्या आकड्यांची चौकट) मात्र यात शोधू नका, ते कंपनीने स्वतःकडे राखलेत. फॉरगॉटन रेल्म्ससारखी जगंही त्यांचीच.

आपल्याकडे एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. सीसी-बायमुळे एसआरडीचं मराठी भाषांतर करायला आणि ते विकायलाही कुणाची वेगळी परवानगी लागत नाही, श्रेय दिलं की झालं.

तिसरी वाट डीएम्स गिल्ड. विझार्ड्सने वनबुकशेल्फ कंपनीबरोबर जानेवारी २०१६ मध्ये काढलेलं हे ऑनलाइन दुकान. इथे फॉरगॉटन रेल्म्स, एबेरॉन, रेव्हनलॉफ्ट अशा अधिकृत जगांत घडणाऱ्या गोष्टी लिहून विकता येतात. विक्रीतला अर्धा वाटा लेखकाचा, उरलेला अर्धा दुकान आणि विझार्ड्सचा. त्या बदल्यात तिथे ठेवलेलं साहित्य दुसरीकडे विकता येत नाही, आणि तुम्ही घडवलेली पात्रं गिल्डवरचे इतर लेखकही वापरू शकतात. कॉल ऑफ क्थुलूसाठी मिस्कॅटॉनिक रिपॉझिटरी आणि पाथफाइंडरसाठी पाथफाइंडर इन्फिनिट हीही याच जातीची दुकानं आहेत. तुमचा खेळ तो असेल तर त्यांची नियमावली वाचा.

माझं मत विचाराल तर जग त्यांचं असेल तेव्हा गिल्ड, जग तुमचं असेल तेव्हा एसआरडी. ज्या जगावर उद्या कादंबरी लिहायची स्वप्नं पडतात, ते गिल्डच्या करारात अडकवू नका. ओळखीच्या दोघांनी अडकवलंय, आता हळहळतात.

आणि नियम २०१४ चे की २०२४ चे, हे पहिल्या पानावर लिहा. दोन्हींतली स्टॅट ब्लॉकची मांडणी वेगळी आहे आणि एकाच टेबलावर सरमिसळ झाली की डीएम तुम्हालाच शिव्या घालतो.

२. नियमाचं वाक्य

'चवीपुरतं मीठ' इथे चालत नाही. मला पाठवलेल्या एका मसुद्यात सापळ्याचं वर्णन असं होतं: फरशी दाबली गेली की ज्वाळा येतात, चपळ माणूस वाचतो, बाकीचे जबर भाजतात. वाचायला झकास. पण खेळवताना डीएमने काय करायचं? फासा कुणी टाकायचा? किती आला म्हणजे चपळ? जबर म्हणजे किती?

तेच असं लिहा: फरशीवर ज्याचा पाय पडेल त्याने डीसी १३ चा डेक्स्टेरिटी सेव्हिंग थ्रो करायचा, हुकला तर १० (३डी६) फायर डॅमेज, जमला तर त्याच्या निम्मं. कुणी, कधी, कुठल्या गुणावर, किती आकड्याला, हुकल्यावर काय आणि जमल्यावर काय, एवढं सगळं या एका ओळीत बसतं. (सेव्हिंग थ्रो म्हणजे वाचण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकणं, डीसी म्हणजे त्यात गाठायचा आकडा, ३डी६ म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, डॅमेज म्हणजे इजा.) मग उरलेले प्रश्न: फरशी आधी दिसू शकते का, किती पर्सेप्शनला दिसते, निकामी कशी करायची, आणि एकदा उडाल्यावर पुन्हा उडते का. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात आणि खेळाडू नेमका तोच विचारतात, कारण त्यांना पाठलागावर आलेल्या गॉब्लिनांना त्याच फरशीवरून न्यायचं असतं.

डीसीचे आकडे अंदाजाने ठोकू नका. खेळात १० म्हणजे सोपं, १५ मध्यम आणि २० अवघड असा हिशोब आहे. नवखा लेखक 'हे महत्त्वाचं कुलूप आहे' म्हणून २० लिहितो. पहिल्या लेव्हलच्या चांगल्या चोराचा बोनस साधारण +५ असतो, म्हणजे त्याला फाशावर १५ किंवा वर हवेत. दहापैकी तीन वेळा. उरलेल्या सात वेळा कुलूप उघडणार नाही, आणि गोष्ट त्या दारामागेच असेल तर संध्याकाळ तिथेच संपली. गोष्ट पुढे जायला जे लागतं ते फाशावर टांगू नका. फाशावर वेळ टांगा, आवाज टांगा, किंमत टांगा: दार उघडतंच, पण हुकलं तर पहारेकरी जागा होतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं जास्तीचं. सेव्हिंग थ्रोला 'तारणक्षेप' म्हणणारा एक मसुदा माझ्याकडे आला होता. लेखकाची मेहनत दिसत होती, पण कुठल्याही टेबलावर कुणी 'तारणक्षेप कर' म्हणत नाही. 'सेव्ह टाक' म्हणतात. खेळाचे शब्द टेबलावर जसे बोलले जातात तसे देवनागरीत ठेवा आणि वर्णनाला मराठी खुलून वापरा; टाकं, बुरूज, चोरदरवाजा, देवडी, गवाक्ष असे शब्द तुमच्याकडे आहेतच. एक शब्दसूची करून समोर चिकटवा. पान २ वर 'हिट पॉइंट' आणि पान ५ वर 'जीवनांक' असं झालं की वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

३. स्टॅट ब्लॉकचं गणित जुळवा

इथे सर्वांत जास्त चुका सापडतात, आणि ज्यांना या खेळाचं गणित येतं ते खरेदी करण्याआधी पूर्वदर्शनाच्या पानांत तेवढंच तपासतात. एसआरडी ५.१ मधला ओगर नावाचा राक्षस घेऊन कसं तपासायचं ते दाखवतो.

ओगरची स्ट्रेंग्थ १९, म्हणजे मॉडिफायर (त्या गुणामुळे फाशात मिळवायचा आकडा) +४. चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड) २, म्हणजे प्रोफिशियन्सी बोनस (कौशल्याची भर) +२. दोन्हींची बेरीज +६, आणि त्याच्या ग्रेटक्लबचा हल्ला +६ लिहिलेलाच आहे. डॅमेज २डी८+४. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी साडेचार, दोन फाशांचे ९, वर ४, झाले १३. हिट पॉइंट ५९ (७डी१०+२१): लार्ज आकाराच्या प्राण्याचा फासा डी१०, त्याची सरासरी साडेपाच, सात फाशांचे साडेअडतीस, कॉन्स्टिट्यूशन १६ चा +३ सात वेळा म्हणजे २१, एकूण साडेएकोणसाठ, अपूर्णांक सोडून ५९.

आता तुम्ही म्हणालात, माझा ओगर दांडगा आहे, कॉन्स्टिट्यूशन १८ करतो. मॉडिफायर +४ झाला, मग २१ च्या जागी २८ आणि हिट पॉइंट ६६. निव्वळ १८ लिहून ५९ तसेच ठेवलेत की चोरी पकडली गेली. आकार बदलला तरी फासा बदलतो: स्मॉल डी६, मीडियम डी८, लार्ज डी१०, ह्यूज डी१२. तुमच्या राक्षसाची जादू असेल तर तिचा सेव्ह डीसी ८ अधिक प्रोफिशियन्सी अधिक गुणाचा मॉडिफायर, एवढाच यायला हवा.

नवा राक्षस कोऱ्या पाटीवर करण्याऐवजी एसआरडीतला जवळचा राक्षस घेऊन दोन गोष्टी बदला. पहिल्या तीन-चार प्रकाशनांना हे पुरतं आणि तोल सांभाळायचं निम्मं काम आयतं होतं.

तोल मोजायला कंपनीची कोष्टकं आहेत, ती वापराच. २०१४ च्या कोष्टकाप्रमाणे पहिल्या लेव्हलच्या चार वीरांसाठी 'डेडली' चकमकीची रेघ ४०० एक्सपी (अनुभवगुण). एकटा ओगर ४५० चा. म्हणजे रेघ ओलांडली. पण कोष्टकापुढे जाऊन त्याचा फटका बसतो कसा ते पाहा. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगार पात्राचे) हिट पॉइंट ८. शून्यावर आणून उरलेलं डॅमेज पुन्हा ८ किंवा जास्त असेल तर पात्र जागीच मरतं, डेथ सेव्ह (जगण्यासाठीची शेवटची फेक) नाही, काही नाही. त्यासाठी एका फटक्यात १६ लागतात. २डी८+४ मध्ये १६ किंवा वर यायची शक्यता ६४ पैकी १५, साधारण चार लागलेल्या फटक्यांमागे एक. पहिल्यांदा खेळायला आलेल्या कॉलेजच्या मुलीने दीड तास खपून केलेलं पात्र तिसऱ्या मिनिटाला गेलं, तर ती पुढच्या शनिवारी यायची नाही. तुम्हाला असाच क्रूर खेळ रचायचा असेल तर जरूर रचा. फक्त प्रस्तावनेत तसं लिहा आणि डीएमला पळवाट द्या: ओगरला बोकड दिला की तो बाजूला होतो, किंवा तो झोपलेला आहे.

४. स्वतः गप्प बसून चाचणी घ्या

तुमच्या गटाबरोबरची चाचणी ही पहिली पायरी, आणि ती फसवी आहे. तुमचे मित्र तुमच्या भुवया वाचतात. तुम्ही थबकलात की त्यांना कळतं इथे काहीतरी आहे.

खरी चाचणी अशी: दुसऱ्या डीएमला फाइल द्या आणि त्याच्याकडून खेळवून घ्या. जमलं तर तुम्ही खोलीत नसलेलंच बरं. असायचंच असेल तर कोपऱ्यात, वही घेऊन, तोंड बंद. डीएमने तुमच्याकडे पाहिलं तरी खांदे उडवायचे. हे फार अवघड जातं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा दहा मिनिटांत दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा चाचणी वाया गेली.

वहीत मतं लिहायची नाहीत, घडलेलं लिहायचं. डीएमने पान मागे-पुढे किती वेळा उलटलं, कुठल्या खोलीत. 'थांबा हं, शोधतो' कुठे म्हणाला. स्वतःच्या मनाने काय भरलं. खेळाडू कुठल्या गोष्टीमागे लागले जी तुम्ही सहज शोभेसाठी टाकली होती. प्रत्येक चकमक किती मिनिटं चालली. तुम्ही 'चार तासांचा वन-शॉट' (एका बैठकीत संपणारी गोष्ट) म्हणून विकणार असाल तर घड्याळ लावल्याशिवाय तो दावा करू नका. माझा 'चार तासांचा' एक वन-शॉट दोन गटांना सहा-सहा तास लागला होता, कारण गावच्या पाटलाशी गप्पा मारण्यात दोन तास गेले. पाटील मी फारच गोड लिहिला होता. त्याला मी तीन ओळींत आणला.

डीएमने मनाने जे भरलं ते सर्वांत मोलाचं. त्याचा अर्थ तिथे भोक होतं. कधी कधी त्याने भरलेलं तुमच्यापेक्षा चांगलं असतं; विचारून घ्या, श्रेयनामावलीत नाव द्या. चाचणीत खेळलेल्या सगळ्यांची नावं द्या, पण आधी विचारून. कुणाकुणाला आपलं नाव असं छापलेलं नको असतं.

असे किमान दोन गट. एक अनुभवी, एक अगदी नवखा. अनुभवी गट गणित मोडतो, नवखा गट मजकूर मोडतो.

५. खोलीचं वर्णन आणि नकाशा

चौकटीत मोठ्याने वाचायचा मजकूर दोन-तीन वाक्यांपलीकडे गेला की खेळाडू मोबाइल काढतात. दिसणारं, ऐकू येणारं, वास, आणि ज्याला हात लावावासा वाटेल अशी एक वस्तू. खेळाडूंना काय वाटतं ते तुम्ही सांगू नका ('तुमच्या अंगावर भीतीने काटा येतो'). कुणाचा तरी बार्बेरियन कशालाच भीत नसतो आणि मग वाद होतो. चौकटीखाली डीएमसाठी आधी जे लगेच लागेल ते लिहा: खोलीत कोण आहे, ते काय करतंय. राजवाड्याचा तीनशे वर्षांचा इतिहास त्याखाली, आणि शक्य तर नकोच.

नकाशाच्या दोन प्रती लागतात. डीएमच्या प्रतीवर खोल्यांचे क्रमांक आणि चोरदरवाजे. खेळाडूंच्या प्रतीवर यातलं काही नाही. एक चौकोन म्हणजे पाच फूट, आणि तो छापून वापरायचा असेल तर एक चौकोन एक इंच. ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी चौकोन न आखलेली चित्रफाइल वेगळी ठेवा. रोल२० वर मूळ मांडणीत एक चौकोन ७० पिक्सेलचा असतो, तेव्हा तुमच्या नकाशाची रुंदी-उंची ७० च्या पटीत असली की डीएमची अर्ध्या तासाची डोकेदुखी वाचते. मग मजकूर आणि नकाशा शेजारी ठेवून बोट फिरवत प्रत्येक दार तपासा. माझं भुयार आठवा.

६. आपल्या मातीतले राक्षस

मराठी लेखक लिहायला बसला की वेताळ, हडळ, मुंज्या, खवीस यांची रांग लागते, आणि लागावीच. गोष्ट सह्याद्रीत घडवायची असेल तर घाटातलं धुकं आणि कड्यावरचं टाकं कुणा परदेशी लेखकापेक्षा आपल्याला बरं ठाऊक आहे. पण एक फरक सांभाळा. सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी तिथली श्रद्धा. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. तुमच्या कथेतला झाडाला लोंबणारा वेताळ वेगळा आणि कुणाचा तरी ग्रामदेव वेगळा. चालत्या देवाला हिट पॉइंट देऊन खेळाडूंच्या तलवारीखाली उभा करू नका. वेगळं नाव घ्या, वेगळं ठिकाण घ्या. जातीची, जमातीची खरी नावं 'दरोडेखोर टोळी' म्हणून वापरणं तर सरळ बाद. एखाद्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का इंग्रजांनी कायद्याने मारला होता, आपण तो खेळात परत कशाला छापायचा?

परदेशी वाचकासाठी इंग्रजीत लिहित असाल तर देवडी, टाकं असे शब्द ठेवा, पहिल्या वापराला एका वाक्यात दाखवा आणि उच्चार द्या. टेबलावर डीएमला ते मोठ्याने म्हणायचे असतात.

७. चित्रं आणि करार

गिल्डवर विकत असाल तर तिथे लेखकांसाठी फुकट चित्रसंच आहेत. ते फक्त गिल्डवरच्या साहित्यात चालतात. नेटवरून उचललेलं चित्र, 'श्रेय दिलंय' म्हणून, अजिबात नाही. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराबद्दल बोलायचं तर मुख्यतः एआयने लिहिलेलं साहित्य ड्राइव्हथ्रू (गिल्ड चालवणाऱ्यांचंच दुसरं ऑनलाइन दुकान) २०२३ पासून विक्रीला घेत नाही; चित्रांचे नियम दुकानादुकानात निराळे, चढवण्याच्या दिवशी वाचा.

कलाकाराला पैसे देऊन चित्र काढून घेणार असाल तर नीट ऐका, कारण इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'दोन हजारात करतो' एवढ्यावर काम सुरू होतं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो. तुमची पीडीएफ अमेरिकेतल्या दुकानातून जगभर विकली जाणार आहे. 'संपूर्ण जग' हे दोन शब्द करारात नसतील तर पहिल्याच दिवशी तुम्ही कराराबाहेर. एका पानाचा करार करा: कुठलं चित्र, किती पैसे, कशासाठी वापरणार (पीडीएफ, छापील, जाहिरात), किती वर्षं, कुठे, आणि कलाकार ते स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवू शकतो का. दाखवू द्या. पैसे वेळेवर द्या.

खिसा रिकामा असेल तर जुनी चित्रं आहेत. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे १९०६ साली गेलेल्या राजा रविवर्म्याची चित्रं कधीच मोकळी झाली आहेत. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांची मोजणी प्रकाशनापासून ९५ वर्षं अशी आहे. दोन्ही बाजूंनी मोकळं असेल तेच घ्या.

८. पानांची मांडणी

होमब्रूअरीसारखं फुकट साधन ब्राउझरमध्ये चालतं आणि अधिकृत पुस्तकासारखी पानं करून देतं. सुरुवातीला हरकत नाही. पण तो पिवळट चर्मपत्री कागद आता हजारोंनी वापरलाय, आणि पुण्या-नागपुरातला पोरगा ते झेरॉक्सच्या दुकानात काळंपांढरं छापायला देतो तेव्हा पान राखाडी चिखल होऊन बाहेर येतं. पार्श्वभूमी नसलेली दुसरी फाइल जोडा. फाइल मोबाइलवर उघडून पाहा, कारण बरेच डीएम तिथूनच खेळवतात. अनुक्रमणिका दाबली की पानावर जायला हवं, मजकूर शोधता यायला हवा, आणि स्टॅट ब्लॉक दोन पानांत तुटता कामा नये. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं.

देवनागरी असेल तर फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टांत केलेला मजकूर शोधताही येत नाही आणि कॉपीही होत नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला नाही तर जोडाक्षरं फुटतात. परीक्षेला हे शब्द टाइप करून पाहा: दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड, शस्त्रास्त्र. 'ऱ्य' चा अर्धचंद्री र नीट आला तर बाकीचंही बहुधा येईल. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात का तेही बघा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोकळ्या परवान्याचे आहेत, विक्रीच्या पुस्तकातही बिनधास्त वापरा.

ड्राइव्हथ्रूवर छापील प्रतही विकायची असेल तर वेगळी फाइल लागते: चित्रं ३०० डीपीआय, रंग सीएमवायके, कडेला पाव इंचाच्या निम्मं ब्लीड (कापताना जाणारी जादा किनार), आणि शाईचं एकूण प्रमाण २४० टक्क्यांच्या आत. काळ्याकुट्ट गुहेचं पूर्ण पानभर चित्र ही शेवटची अट हमखास मोडतं. विक्री सुरू करण्याआधी नमुना प्रत मागवावी लागते आणि ती परदेशातून येते, तेव्हा दिवाळीला पुस्तक काढायचं तर गणपतीत फाइल तयार हवी.

मुद्रितशोधन दुसऱ्याकडून. आकड्यांचं एक वाचन वेगळं, फक्त आकड्यांसाठी.

९. दुकानात मांडणं आणि त्यानंतर

वर्णनात पहिल्या दोन ओळींत हे असू द्या: किती जणांसाठी, कुठली लेव्हल, किती तास, कुठले नियम. मग गोष्ट. पूर्वदर्शनात मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका दाखवून गिऱ्हाईक गंडवू नका. एक खोली आणि एक स्टॅट ब्लॉक पूर्ण दाखवा. ज्याला गणित येतं तो तिथेच पाकीट काढतो.

किमतीबद्दल: आठ-दहा पानांच्या पहिल्या कामाला 'हवे तेवढे द्या' चालतं, पण आठवण ठेवा, गिल्डवर दोन डॉलरमधला एकच तुमचा. त्यातून कलाकाराचे पैसे निघायला किती प्रती लागतील ते चित्र सांगण्याआधी मोजा.

फाइलच्या नावात आणि श्रेयपानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका: १.०, १.१. चूक कळली की दुरुस्त फाइल चढवा. आधी घेतलेल्यांनाही ती फुकट मिळते. शेवटच्या पानावर काय बदललं ते दोन ओळींत लिहा. माझ्या त्या आठ पानांची सध्याची आवृत्ती १.३ आहे. १.१ मध्ये भुयाराचा जिना आला, १.२ मध्ये ओगर झोपला, आणि १.३ मध्ये जिन्याचा डीसी बदलला, कारण १.१ मध्ये घाईत मी तो २० ठेवला होता.